सही करण्यापूर्वी

(आपल्या मिशनच्या मदतगारांच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या मेळाव्यात मी कामाचा अहवाल वाचून दाखवते. यंदा तो छापून तुमच्या हाती दिला आहे, घरी गेल्यावर कृपा करून वाचा. आज मी एका प्रश्नाचे उत्तर देणार आहे.

पावसाळा संपता संपता तरुण संघाच्या सभेत एका मुलाने मला विचारले, "ताई, रस्ता नाही म्हणून आजारी माणसांना झोळीत घालून आणावं लागतं. मग आपलं मिशन एखादं छोटं विमान का घेत नाही? अमेरिकेत एका मिशनरी माणसानं उडणारी गाडी बनवली आहे, मी पाहिली आहे मोबाइलवर." मागच्या बाकावरची मुले हसली. मला हसू आले नाही. का ते शेवटी सांगते. त्या मुलाला मी म्हटले, "मला दोन महिने दे. मी वाचून सांगते." दोन महिने झाले, आणि तो मुलगा आज इथे बसलेला आहे.

त्याने सांगितलेली गाडी खरी आहे. तिची गोष्ट सुरू होते इक्वेडोर देशाच्या जंगलात. तिथे वाओरानी नावाचे आदिवासी लोक राहतात. शेजारचे लोक त्यांना 'आउका' म्हणत, म्हणजे रानटी. आपल्या डोंगरातल्या लोकांनाही खालच्या गावांतून कोणकोणती नावे ठेवली जातात ते तुम्हाला ठाऊक आहे. १९५६ सालच्या ८ जानेवारीला कुराराय नदीच्या वाळूवर पाच तरुण मिशनरी वाओरानींच्या भाल्यांनी मारले गेले. त्यांतला एक वैमानिक होता, नेट सेंट. त्याचे पिवळे पायपर विमान तिथेच वाळूवर उभे होते. पुढे दोनच वर्षांनी नेटची बहीण रेचेल आणि मारल्या गेलेल्या जिम एलियटची विधवा पत्नी एलिझाबेथ, दायुमा नावाच्या वाओरानी बाईच्या सोबतीने त्याच लोकांत राहायला गेल्या. मारणाऱ्यांपैकी मिंकाये पुढे त्या मंडळीचा वडील झाला. हा भाग आपल्या मंडळ्यांत पुष्कळांनी ऐकला आहे, म्हणून मी इथे थांबत नाही.

कमी ऐकलेला भाग असा की नेट सेंट हा फार काळजी घेणारा कारागीर होता. एका इंजिनाचे विमान जंगलावरून जाताना इंधनाची वाट तुंबली तर खाली उतरायला जागाच नसते. म्हणून त्याने कार्ब्युरेटरला वळसा घालून इंजिनाला थेट इंधन देणारी दुसरी वाट तयार केली. घिरट्या घालणाऱ्या विमानातून लांब दोरीने बादली सोडली की ती खाली एका जागी जवळजवळ स्थिर राहते, हेही त्यानेच शोधून काढले. त्याच बादलीतून वाओरानींना पहिल्या भेटवस्तू गेल्या. आपण त्याला हुतात्मा म्हणून आठवतो. पण तो रोज सकाळी इंजिनाचे झाकण उघडून पाहणारा माणूस होता, हे विसरू नये.

त्याचा मुलगा स्टीव्ह. वडील गेले तेव्हा तो लहान होता. आत्या रेचेल १९९४ साली वारली, आणि वाओरानींनी स्टीव्हला येऊन राहायला सांगितले. १९९५ साली तो कुटुंबासह गेला. तिथे त्याने पाहिले की दवाखाना, दात, विमान, सगळे बाहेरचे लोक करतात आणि वाओरानी हात बांधून बसतात. त्यांना स्वतः करता येईल अशी साधने हवीत, म्हणून त्याने फ्लोरिडात एक संस्था काढली. पाठीवरच्या पिशवीत मावणारी दंतवैद्याची खुर्ची या संस्थेने बनवली. आणि मग आली ती उडणारी गाडी, मॅव्हरिक. रस्त्यावर ती मोटारीसारखी धावते. रस्ता संपला की मागचा पंखा फिरवायचा, वर पॅराशूटसारखे कापडी पंख पसरायचे आणि उडायचे. अमेरिकेच्या विमान खात्याने २०१० साली तिला 'हलके क्रीडा विमान' या वर्गात मान्यता दिली. इंग्रजीत 'लाइट स्पोर्ट एअरक्राफ्ट'.

आता मुलाच्या प्रश्नाचा गाभा इथे आहे. बनवणे एक, आणि "हे उडायला योग्य आहे" असा कागद मिळवणे दुसरे. या कागदाला उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र म्हणतात. तो कसा मिळतो हे मी वाचत गेले आणि मला आपल्या कामाचाच आरसा दिसू लागला.

हा वर्ग अमेरिकेत २००४ च्या सप्टेंबरमध्ये सुरू झाला. त्याच्या मर्यादा अगदी स्पष्ट होत्या. जमिनीवरून उडणाऱ्या यंत्राचे सगळे वजन माणसे, सामान आणि पेट्रोल धरून ६०० किलोच्या आत. पाण्यावरून उडणारे असेल तर ६५०. आसने फार तर दोन. इंजिन एक. पूर्ण जोरात सरळ उडताना वेग १२० नॉट, म्हणजे ताशी सुमारे २२२ किलोमीटर, याच्या पुढे नाही. जुलै २०२५ मध्ये तिथल्या सरकारने या मर्यादा बऱ्याच सैल करणारे नवे नियम जाहीर केले. मी सांगते आहे ती मॅव्हरिकला लागू असलेली जुनी पद्धत.

मोठ्या विमानाचा आराखडा सरकार स्वतः तपासते. त्याला वर्षे लागतात आणि अफाट पैसा लागतो. हलक्या विमानांसाठी त्यांनी वेगळी वाट काढली. बनवणारे, उडवणारे आणि सरकारी माणसे एकत्र बसून मानके ठरवतात. मग बनवणाऱ्याने आपल्या सहीने लिहून द्यायचे: हे यंत्र, हा त्याचा अनुक्रमांक, ही बनवल्याची तारीख. मी ते अमुक मानकांप्रमाणे बनवले आहे. जमिनीवर आणि हवेत चालवून पाहिले आहे. पुढे दोष कळला तर मी घेणाऱ्यांना कळवीन आणि दुरुस्ती सांगेन. सरकारने मागितले तर माझा कारखाना उघडून दाखवीन.

म्हणजे नियम हलका केला, आणि भार सहीवर टाकला. माणूस खोटे लिहू शकतो. म्हणून त्या सहीनंतर तपासनीस येतो. तो खात्याचा असतो, किंवा खात्याने नेमलेला खाजगी तपासनीस असतो, जो आपली फी घेतो.

तपासनीस आधी कागद पाहतो. नोंदणी झाली आहे का? अर्ज पूर्ण भरला आहे का? बनवणाऱ्याचे ते निवेदन आहे का? चालवण्याची माहिती, देखभालीची पुस्तिका, शिकवण्यासाठीची पुरवणी, वजनाचा तक्ता, सगळे आहे का? मग तो यंत्राजवळ जातो आणि आगीतही न जळणाऱ्या धातूच्या पाटीवरचा अनुक्रमांक कागदावरच्या क्रमांकाशी ताडून पाहतो. एक आकडा चुकला तरी काम तिथेच थांबते. कागद एका यंत्राचा आणि समोर उभे दुसरेच, असे चालत नाही.

मग झाकणे उघडतात. इंधनाच्या नळ्या कुठे घासतात का, तेल झिरपते का, थरथरीने सैल होऊ नयेत म्हणून नटबोल्ट बारीक तारेने बांधले आहेत का, पिना जागेवर आहेत का. दांडा उजवीकडे नेला तर उजव्या पंखाची मागची पट्टी वर जाते का? तुम्ही म्हणाल, हे काय तपासायचे? पण जोडताना तारा उलट बसल्यामुळे विमाने पडली आहेत. हात उजवीकडे आणि विमान डावीकडे. मॅव्हरिकसारख्या कापडी पंखाच्या यंत्रात कापड आणि एकेक दोरी पाहावी लागते, कारण नायलॉन उन्हाने कमजोर होते आणि वरून मात्र चांगले दिसते.

दोष सापडला तर प्रमाणपत्र नाही. दुरुस्त करा, पुन्हा बोलवा. सगळे ठीक असेल तर एक गुलाबी कागद मिळतो आणि त्यासोबत मर्यादांचे पत्र: काय करायचे आणि काय करायचे नाही. दोन्ही विमानातच ठेवावे लागतात.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. विमानात बसणाऱ्याला दिसेल अशा जागी एक पाटी लावावी लागते. तिचा अर्थ असा की हे यंत्र हलक्या विमानांच्या मानकांप्रमाणे बनले आहे, नेहमीच्या विमानांचे नियम ते पूर्ण करत नाही. म्हणजे बसणाऱ्याला आधीच खरे सांगायचे. बसायचे की नाही ते त्याने ठरवावे. आपण आपल्या वसतिगृहात मुलांना घेताना आईबापांना इतके खरे सांगतो का? इथे दोनच शौचालये आहेत, इथे रात्री परिचारिका नाही, असे?

आणि कागद मिळाला म्हणजे संपले नाही. दर बारा महिन्यांनी यंत्र पुन्हा उघडून तपासावे लागते. शिकवण्यासाठी वापरत असाल तर दर १०० तासांनी. त्याची नोंद वहीत, तारीख आणि सहीनिशी. छंद म्हणून उडणाऱ्या मालकाने आपलेच विमान तपासावे यासाठी त्या नियमांत १६ तासांचा अभ्यासक्रम होता. इतरांची विमाने दुरुस्त करायची तर १२० तासांचा. आणि इतके सगळे झाल्यावरही कायदा म्हणतो, आज हे उडण्याजोगे आहे की नाही हे आज चालवणाऱ्यानेच ठरवायचे. गुलाबी कागद त्याच्या जागी उत्तर देत नाही.

या काळजीला कारण आहे. जून २०१२ मध्ये स्टीव्ह सेंट स्वतः एका नव्या पंखाची जमिनीवर चाचणी घेत होता. पंख सुटून त्याच्यावर आदळला आणि त्याच्या मणक्याला जबर इजा झाली. हातापायांची शक्ती फार कमी झाली. मे २०१३ मध्ये कॅनडात एक मॅव्हरिक शाळेजवळ कोसळली. आतले दोघे देवाच्या कृपेने वाचले. प्रमाणपत्र मिळालेले यंत्रही पडते, आणि पंधरा वेळा विचार करणाऱ्या माणसालाही इजा होते. तपासणीने धोका नाहीसा होत नाही. निष्काळजीपणाला तेवढी जागा उरत नाही.

आपल्याकडेही हे घडले आहे, आणि तेही आपल्या भागापासून फार दूर नाही. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत आपल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. ते हलक्या वर्गातले नाही, पण घरी बांधलेले आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली, उडवून पाहण्याची परवानगी ऑक्टोबर २०१९ मध्ये मिळाली आणि त्याच्या चाचण्या आपल्या खानदेशात, धुळ्याच्या धावपट्टीवर झाल्या. नोंदणीपासून परवानगीपर्यंतच जवळजवळ दोन वर्षे. गच्चीवर बांधायला जेवढी चिकाटी लागली, तेवढीच कागदाला लागली.

तर आता त्या मुलाला उत्तर. बाळा, हिशेब करू. ६०० किलोत यंत्रच समजा ३५० किलोचे. राहिले २५०. चालवणारा आणि रुग्ण मिळून १४०. ८० लिटर पेट्रोल म्हणजे साधारण ५८ किलो. उरले ५२. आसने दोनच, म्हणून सोबत आई नाही, दाई नाही. बाळंतीण आडवी होऊ शकत नाही. कापडी पंखाचे यंत्र तर वाऱ्यापावसात उडवायचेच नसते, आणि आपली झोळी निघते ती नेमकी आषाढ-श्रावणात. शिवाय त्या वर्गातल्या विमानातून भाडे घेऊन माणसे नेण्यास मनाई होती. म्हणून आपले मिशन विमान घेणार नाही. बुरुज बांधण्याआधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, हे आपल्या प्रभूनेच शिकवले आहे.

पण तुझा प्रश्न वाया गेला नाही. आता मी का हसले नाही ते सांगते.

आपल्याकडे जीप आहे. तुमच्याच देणग्यांतून आलेली. दर शनिवारी ती तपासायची, अशी वही मीच सुरू केली. तेल, पाणी, ब्रेक ऑइल, दिवे, टायर, स्टेपनी, जॅक. प्रत्येक रकान्यात खूण आणि खाली सही. जूनमध्ये वसतिगृहाचे प्रवेश सुरू झाले आणि मी फार गडबडीत होते. ऑफिसात बसूनच खुणा करू लागले. एका शनिवारी केल्या, काही झाले नाही. दुसऱ्या शनिवारी केल्या, काही झाले नाही. असे सात-आठ शनिवार गेले.

ऑगस्टमधल्या एका रात्री वरच्या पाड्यावरून फोन आला. बाई अडली होती. जीप निघाली, मी सोबत होते. बाईला घेऊन परत येताना घाटात टायर फुटला. ड्रायव्हरने स्टेपनी काढली. तिच्यात हवा नव्हती. पाऊस पडत होता. तिच्या दिराने आणि सासऱ्याने जीपमधले घोंगडे घेतले, कडेचा बांबू तोडला आणि झोळी केली. आम्ही आळीपाळीने खांदा दिला. दवाखान्यात पोहोचायला दोन तास लागले. बाई वाचली. बाळ वाचले नाही.

लवकर पोहोचलो असतो तर बाळ वाचले असते का, हे डॉक्टरांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. पण दुसऱ्या दिवशी मी वही उघडली. त्या आठवड्याच्या स्टेपनीच्या रकान्यात बरोबरची खूण होती. खाली सही माझी होती.

मी पाड्यावर गेले आणि त्या घरात हे सांगितले. सासरा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "ताई, गाडी आली होती. एरवी गाडीच येत नाही." त्याने मला दोष दिला असता तर मला बरे वाटले असते.

मी देवशास्त्राचा अभ्यास केला आहे. अनुवादाच्या २२ व्या अध्यायातली ती आज्ञा मी कितीदा शिकवली आहे: नवे घर बांधणाऱ्याने गच्चीला कठडा बांधावा, म्हणजे कोणी पडून त्याचे रक्त त्या घरावर येऊ नये. आपण तिला जुन्या काळची बारीकसारीक आज्ञा समजून पुढे जातो. त्या रात्रीनंतर मला ती तशी वाटत नाही. देवाने उपासनेच्या आज्ञांसोबत कठड्याचीही आज्ञा दिली. जो शेजाऱ्यावर प्रेम करतो तो कठडा बांधतो, आणि स्टेपनीत हवा भरतो.

या दोन महिन्यांत आम्ही काही बदल केले आहेत. ते तुमच्यापुढे ठेवते, कारण हे काम तुमचे आहे.

एक, वहीवर आता दोन सह्या असतात. एक तपासणाऱ्याची आणि एक प्रत्यक्ष पाहून ताडणाऱ्याची. ऑफिसात बसून सही करायची नाही. वही जीपमध्येच ठेवलेली असते.

दोन, वरच्या पाड्यांतली दोन मुले आयटीआयमध्ये मोटार दुरुस्ती शिकत आहेत. वाओरानींना जे हवे होते तेच यांनाही हवे आहे. आमच्यासाठी कोणी करावे असे नाही, आम्हाला करता यावे. ती मुले शिकून आली की जीपची चावी आणि वही त्यांच्या हाती देऊ. तोवर मी त्यांच्याकडून शिकते आहे. टायरमधली हवा मोजायला त्यांनीच मला शिकवले.

तीन, तुमच्याकडे एक मागणे आहे. नव्या गाडीसाठी देणगी लवकर मिळते. तिच्यावर दात्याचे नाव लिहिता येते, समर्पणाची प्रार्थना होते, फोटो निघतो. टायरवर कोणाचे नाव लिहीत नाहीत. तरी या वर्षी मी तुम्हाला टायरसाठी, ब्रेकसाठी, वसतिगृहाच्या वायरिंगसाठी मागते आहे. अहवालाच्या शेवटच्या पानावर 'देखभाल निधी' असा नवा रकाना आहे. तो कृपया रिकामा ठेवू नका.

आणि चार. दर तीन महिन्यांनी तुमच्यापैकी दोघांनी न कळवता यावे. हिशेबाच्या वह्या तर ऑडिटर पाहतातच. तुम्ही झाकणे उघडा. औषधाच्या पेटीतल्या बाटल्यांवरच्या तारखा वाचा. आग विझवायचे नळकांडे कधी भरले ते विचारा. स्टेपनी दाबून पाहा. दोष सापडला तर संकोच करू नका, लिहून द्या. आम्ही दुरुस्त करू आणि पुन्हा बोलावू. पाहुणे म्हणून चहा मिळेलच, पण तो तपासणी झाल्यावर.

त्या मुलाला मी विचारले, पहिल्या दोघांत तू येशील का? तो हो म्हणाला आहे. दुसरे नाव अजून रिकामे आहे. सभा संपली की मी दाराशी वही घेऊन उभी राहीन.

प्रभू आपणां सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.